साडेपाच तासांचे उलटे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. थांबा, मान वाकडी करू नका. मला पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस आधी मान वाकडी करतो आणि मग सांगतो, की अहो, तुमचं घड्याळ उलटं लागलंय. उलटे लागलेले नाही हो, उलटे लावलेले आहे. माझा मूळचा बाराचा आकडा खाली आहे, सहाचा वर आहे आणि माझ्या कंपनीचे नाव चक्क डोक्यावर उभे आहे. याची मला आता लाज वाटत नाही. मध्यंतरी फार वाटत होती. ती का वाटली आणि कशी गेली, तेच तुम्हाला सांगायला बसले आहे.

माझा जन्म १९८४ साली डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चावीची घड्याळे तेव्हा मागे पडू लागली होती आणि सेलवरच्या घड्याळांचे नवे कौतुक होते. आम्हाला काटे बसवण्याचे काम हौसाबाई नावाच्या बाई करत. काटे बसवून सेल घातला की त्या एकेक घड्याळ उचलून कानाशी धरत. काटा फिरताना दिसतो आहे, मग ऐकायचे काय त्यात, असे सुपरवायझर रोज म्हणायचा. हौसाबाई त्याला दाद देत नसत. मलाही त्यांनी कानाशी धरले, "हे नीट बोलतंय," म्हणाल्या आणि खोक्यात ठेवले. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे पुष्कळ मिळाल्या, पण त्या कानाची ऊब मी अजून विसरलेले नाही.

कल्याणच्या दुकानातून मला उत्तम सरांनी घेतले. सर मूळचे साताऱ्याकडचे. ठाण्याला खोपटमध्ये एसटी डेपोच्या समोर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. त्या क्लासमध्ये माझा काय थाट होता म्हणून सांगू! बारा मशिने खडखडत असायची. सर हात वर करून "स्टार्ट" म्हणत आणि सगळी मुले-मुली एकदा माझ्याकडे बघून कामाला लागत. मिनिटाला तीस शब्द की चाळीस शब्द, हे माझ्यावाचून कोणाला कळणार? कित्येकांच्या नोकऱ्या माझ्या काट्यांखाली लागल्या. परीक्षेच्या दिवशी काही मुली मला गुपचूप नमस्कारसुद्धा करत. मी फुगून जात असे, हे कबूल करते.

मग काळ बदलला. एकेक करून टायपिंगची मशिने गेली आणि त्या जागी कॉम्प्युटर आले. सरांनी क्लासची पाटी उतरवून सॉफ्टवेअरची पाटी लावली. फोन घ्यायला आणि कागदपत्रे सांभाळायला हेमा आली. आणि १९९६ सालच्या जूनमध्ये मंजुळा आली.

मंजुळा कोलशेतची. खाडीवरच्या कोळ्यांची मुलगी. तिचे वडील दामाजी जन्मभर ठाण्याच्या खाडीत होडी घालत आले. खाडीत मासा कमी झाला तसे ते घरी बसून लोकांची जाळी विणून देऊ लागले. त्यांच्या गल्लीत कॉम्प्युटरवर नोकरी करणारी मंजुळा पहिलीच. सरांनी तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले होते आणि काम बघून कायम करू म्हणाले होते. पोरगी अबोल, पण हुशार. काम करता करता अडली की ती पेन दातात धरून माझ्याकडे टक लावून बघत बसायची. तिला वेळ बघायची नसायची, विचार करायचा असायचा. पण मला आपले वाटायचे, हिचे माझ्यावाचून चालत नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरांना चक्क विलायतेचे काम मिळाले. तिकडे एका लहानशा बंदरात एक बाई होडी चालवण्याचा व्यवसाय करत. नदीच्या मुखाशी या तीरावरून त्या तीरावर माणसे न्यायची. पण तिथे भरती असेल तेव्हाच पाणी, ओहोटी लागली की नुसता चिखल. तेव्हा आज पहिली होडी कितीला आणि शेवटची कितीला, हे रोज पाटीवर लावावे लागे. ते वेळापत्रक आमच्या कॉम्प्युटरने काढायचे आणि फॅक्सने पाठवायचे, असे ते काम. हेमाने त्या बाईंचे नाव ठेवले होडीवाल्या बाई. काम दिले मंजुळाला. भरती-ओहोटीचे हिला सांगायला नको, असे सर म्हणाले आणि ते खरेच होते.

आता माझी गंमत ऐका. विलायतेची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सरांचा एक आतेभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने सरांना शिकवले होते, की काट्यांचे घड्याळ उलटे धरले की झाली लंडनची वेळ. करून बघा तुम्ही. ठाण्याला दुपारचे अडीच वाजले असताना घड्याळ उलटे करा, मिनिटकाटा वर येतो आणि तासकाटा आठाच्या पुढे नवाच्या अलीकडे जातो. तासकाटा अर्धे घर मागे पडतो खरा, पण तेवढे समजून घ्यायचे. नऊ वाजले. लंडनला खरोखर तेव्हा नऊच वाजलेले असतात! सरांनी ठाण्याच्या वेळेसाठी नवे घड्याळ आणले आणि मला उतरवून, खिळा बदलून, उलटे टांगले. तुम्ही म्हणाल, मागची कळ फिरवून साडेपाच तास मागे केले असते तर भागले नसते का? भागले असते की. पण मग येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला काय राहिले असते! हेमाने जुन्या कॅलेंडरवरचे मराठी आकडे कापून माझ्या तोंडावर नव्याने चिकटवले. त्यातला नऊ रविवारचा होता, म्हणून तो लाल. सर पाहुण्यांना चहा देत आणि माझ्याकडे बोट करून म्हणत, हे आमचं लंडन.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा. मंजुळाही माझ्याच भरवशावर होती. आमच्या कॉम्प्युटरमधले तारीख-वेळेचे फंक्शन ठाण्याची वेळ सांगायचे. मंजुळा त्यातून साडेपाच तास वजा करायची आणि तिकडची वेळ छापायची. एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा छापलेल्या कागदाकडे बघायचे, दोन्ही जुळले की कागद फॅक्सला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, एका मिनिटाची चूक नाही. होडीवाल्या बाईंनी नाताळात कार्ड पाठवले. सहा महिने झाले तेव्हा सरांनी मंजुळाला सांगितले, की एवढे वर्ष नीट जाऊ दे, मग कायमचे पत्र देतो.

आणि मार्च संपता संपता माझे वाटोळे झाले.

सोमवार होता. दुपारी अडीचला फोन वाजला. हेमा जेवायला गेली होती, म्हणून मंजुळाने उचलला. पलीकडे होडीवाल्या बाई होत्या. त्यांनी आधी एवढेच विचारले, की आत्ता माझ्याकडे किती वाजले आहेत, सांग बघू. मंजुळाने माझ्याकडे मान वर केली आणि अगदी खात्रीने सांगितले, नऊ. बाई म्हणाल्या, दहा.

मंजुळाने पुन्हा माझ्याकडे बघितले. मी नऊच दाखवत होते. मी तरी दुसरे काय दाखवणार?

मित्रांनो, तिकडच्या लोकांची एक रीत आहे. उन्हाळ्यात दिवस मोठा होतो, म्हणून मार्चच्या शेवटच्या रविवारी ते सगळी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणजे उन्हाळ्यात आपल्यातले आणि त्यांच्यातले अंतर साडेपाच तास राहतच नाही, साडेचार होते. हे आमच्या ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हते. कळ फिरवून लावलेले घड्याळ असते तर कोणी कधीतरी विचारले तरी असते, की हे बरोबर लावले आहे ना. पण मी पडले उलटे टांगलेले. उलट्या घड्याळात लावायचे असे काही नसतेच, म्हणून माझ्यावर कोणी शंकाच घेतली नाही.

आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या कागदावरच्या वेळेप्रमाणे होडी सुटली ती तासभर आधी. पाणी पुरेसे आलेलेच नव्हते. सुटल्या सुटल्या होडी चिखलात रुतली आणि ईस्टरच्या सणाला आलेली तीस माणसे चांगले कपडे घालून तासभर चिखलाकडे बघत बसली. पाणी चढले तेव्हा सुटका झाली. कोणाला काही झाले नाही. बाई तशा रागावलेल्याही नव्हत्या. पण त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. मार्चमधली चूक हसण्यावारी गेली, कारण मागून पाणी येत होते. ऑक्टोबरात घड्याळे मागे येतील तेव्हा चूक झाली, तर ती उलट्या बाजूने होईल. होडी तासभर उशिरा सुटेल, ओहोटीत सापडेल आणि माणसे अंधारात, थंडीत, पुढच्या भरतीपर्यंत चिखलात अडकतील. बंदराच्या कचेरीने त्यांना ताकीद दिली होती. तेवढे एकदा झाले, की त्यांचा परवानाच जाणार होता.

एव्हाना फोन सरांनी घेतला होता. बाईंचे ऐकून त्यांनी तो ठेवला आणि मंजुळाला समोर बसवले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते.

"हे बघ मंजुळा," ते म्हणाले, "ऑक्टोबरात पुन्हा चुकलं तर काम जाईल. आणि हे काम गेलं तर तुला ठेवणं मला जमणार नाही. आताच सांगून ठेवतो."

मंजुळाने मान हलवली. मग सरांची नजर माझ्याकडे गेली. खुर्चीवर चढून त्यांनी मला उतरवले आणि कपाटावर ठेवून दिले, तोंड भिंतीकडे करून. माझ्या चुकीची शिक्षा त्या पोरीला होणार होती आणि मला तिचे तोंडसुद्धा दिसत नव्हते. मला बोलता येत असते तर मी सरांना म्हटले असते, की हिला काही बोलू नका, तुमच्या त्या आतेभावाला बोला. पण घड्याळाला टिकटिकीपलीकडे भाषा नाही.

कपाटावर मी सात महिने काढले. माझ्यावर धूळ बसली. सेल उतरत चालला होता. काटे जड झाले होते. दिसत काही नसे, पण ऐकू सगळे येई. सरांनी घाईघाईत उपाय सुचवला, की एप्रिल ते ऑक्टोबर सरसकट एक तास मिळवून टाक. मंजुळाने तात्पुरते तसे केले आणि उन्हाळा निभावला. पण तिला माहीत होते, की ऑक्टोबर संपायच्या आतच घड्याळे मागे येणार आणि ते शेवटचे पाच-सहा दिवस होडी चिखलात जाणार. म्हणून ती कॉम्प्युटरची तारीख मुद्दाम पुढे करून ऑक्टोबरचा कागद आत्ताच काढून बघायची. पण तो काही केल्या बरोबर येईना.

अडचण अशी होती. मागच्या भरतीची जी वेळ छापली, तिच्यातच बारा तास पंचवीस मिनिटे मिळवून ती पुढची भरती काढायची. एरवी ते ठीक. पण त्या रविवारी तिकडे पहाटेचे दोन वाजले की घड्याळे पुन्हा एकवर आणणार. म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येणार! त्यावरून पुढे मिळवत गेले की सगळ्या भरत्या एका तासाने चुकत. तिने तिथे एक तास वजा करून ऑक्टोबर सरळ केला, तर मार्च बिघडला. मार्च दुरुस्त केला, तर पुढचे वर्ष बिघडले. दसरा झाला तरी तेच. एका संध्याकाळी सर गेल्यावर ती हेमाला म्हणाली, की दिवाळीनंतर मी इथे नसेन बहुतेक. हेमाने तिची समजूत घातली, पण तिचाही आवाज पडलेला होता.

याच दिवसांत दामाजी तिला न्यायला येऊ लागले. कोलशेतकडे जाणारी बस संध्याकाळी भरून यायची आणि पोरगी हल्ली घरी आली तरी जेवत नव्हती, म्हणून बाप येऊन बसायचा. बाकाखाली चपला काढून, हातात पिशवी धरून, कोणाला अडचण होऊ नये असा, हे हेमाच्या बोलण्यातून कळे. मला तो माणूस आवाजावरूनच आवडला. एके दिवशी मंजुळाचे काम संपेना, तेव्हा त्यांनी विचारले, की एवढे काय अडले आहे? तिने आधी टाळले. मग सांगितले, की बाबा, तिकडे एकच तास दोनदा वाजणार आहे.

"आनि पानी?" दामाजी म्हणाले. "पानी पन तासभर थांबतं काय?"

"नाय बाबा. पानी कसं थांबंल?"

"मंग तू घड्यालाची भरती कशाला मोजतं? पान्याची मोज."

मग त्यांनी एक जुनी गोष्ट काढली. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते आठ-नऊ वर्षांचे होते. सरकारने तेव्हा आपल्याकडेही घड्याळे तासभर पुढे केली होती. कोलशेतला कोणाकडे घड्याळ नव्हते, पण ठाण्याच्या बाजाराची वेळ बदलली, कचेरीची वेळ बदलली आणि लोकांची तारांबळ उडाली. कोणी भरती चुकवली, कोणी बाजार चुकवला. दामाजींच्या वडिलांचे मात्र एकदाही चुकले नाही. ते तिथीवरून भरती काढत. पाऊणकी तोंडपाठ होती, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा.

"आमचे बानं घरान येकच वेल ठेवली, पान्याची," दामाजी म्हणाले. "बाजारान जावाचा असला का उंबऱ्यावर तासभर मिलवाचा. परत आयला का उंबऱ्यावर सोडून द्याचा. घरान तो तास कदी आनला नाय."

मग मंजुळाची खुर्ची सरकली. मला वाटले ती घरी निघाली. पण ती कपाटापाशी आली, टाचा उंच करून तिने मला खाली घेतले आणि ओढणीने माझे तोंड पुसले. सात महिन्यांनी मला तिचे तोंड दिसले. वाळली होती पोर.

"बाबा, हे चुकत नव्हतं," ती म्हणाली. "उलटं घड्याळ उन्हाळ्यात पण तीच वेळ दाखवतं. कधी पुढे जात नाही, कधी मागे येत नाही. ही पाण्याची वेळ आहे. बाजाराची म्हणून आम्ही वाचत होतो."

मित्रांनो, मला त्या वेळी रडता आले असते तर मी रडले असते. सात महिने मी स्वतःला गुन्हेगार समजत होते. आणि मी तर त्या तिकडच्या मूळ वेळेने, ग्रीनिचच्या वेळेने, इमानाने चालत होते. हेमाच्या ड्रॉवरमधून मंजुळाने नवा सेल काढून मला घातला, मला माझ्या खिळ्यावर पुन्हा उलटे टांगले आणि कामाला बसली. दामाजींनी पिशवीतला डबा काढून तिच्यासमोर ठेवला आणि ती जेवेपर्यंत समोरून हलले नाहीत.

पुढच्या आठ दिवसांत तिने सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. आत सगळीकडे एकच वेळ. भरत्या त्याच वेळेत मोजायच्या, मिळवणी-वजाबाकी त्याच वेळेत करायची. उन्हाळ्याचा तास आत येऊच द्यायचा नाही. कागदावर छापायची वेळ आली, की एका फंक्शनमधून ती वेळ बाहेर काढायची. ते फंक्शन तारीख बघणार, त्या क्षणी तिकडे उन्हाळ्याचा तास लागू आहे की नाही ते ठरवणार, असेल तर मिळवणार, नसेल तर तशीच सोडणार. त्या फंक्शनला तिने इंग्रजी अक्षरांत नाव दिले, उंबरा. सर म्हणाले, गिऱ्हाईक विलायतेचं आणि हे काय नाव? मंजुळा नुसती हसली. मार्च बरोबर आला, ऑक्टोबर बरोबर आला, पुढची दहा वर्षे बरोबर आली. तरी सरांच्या चेहऱ्यावरची काळजी हटली नाही. कागदावर बरोबर तर मागच्या वेळीही होते, असे ते म्हणाले.

तो रविवार उजाडला. सव्वीस ऑक्टोबर. दिवाळी चार दिवसांवर आलेली. मंजुळा सुट्टी असूनही आली, दामाजी तिच्याबरोबर आले आणि घरी चैन पडेना म्हणून सरही आले. सकाळी साडेसहाला तिकडची घड्याळे मागे आली. त्या दिवसाचा कागद आधीच गेलेला होता. शेवटची होडी चार वाजता, असे त्यावर होते.

दुपारी फोन आला. बाई घाबरलेल्या होत्या. त्यांचा होडी वल्हवणारा माणूस म्हातारा, चाळीस वर्षे त्याच पाण्यावर काढलेला. त्याने आपल्या वहीत अख्ख्या महिन्याच्या वेळा हाताने लिहून ठेवल्या होत्या आणि त्याच्या वहीत शेवटची होडी पाच वाजता होती. तुमच्या कागदावर चार. पलीकडच्या तीरावर बावीस माणसे फिरायला जाणार आहेत. मी कोणाचे ऐकू?

सरांनी फोनवर हात ठेवला आणि मंजुळाला हळूच म्हणाले, की तो माणूस तिथे जन्मभर राहिला आहे, आपण इथे खोपटला. त्याचेच बरोबर म्हण. उद्या चुकलेच तर निदान आपल्यावर यायचे नाही.

खरे सांगते, त्यात मंजुळाची सुटका होती. म्हाताऱ्याचे बरोबर म्हटले असते, तर होडी रुतली तरी दोष त्याच्या वहीवर गेला असता आणि हिची नोकरी वाचली असती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. या वेळी मात्र ती विचार करत नव्हती, वेळच बघत होती. मग तिने सरांच्या हातातून फोन घेतला. त्या आजोबांनी उन्हाळाभर एक तास मिळवला आहे आणि आजही सवयीने मिळवला आहे, असे तिने बाईंना सांगितले. पाणी चार वाजताचे आहे. शेवटची होडी चारला सोडा. पाचला सोडू नका.

तिने फोन ठेवला. सर खिडकीशी जाऊन डेपोतल्या गाड्या बघत राहिले. तिकडचे चार म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, तोवर थांबण्यात अर्थ नव्हता. सगळे घरी गेले. रिकाम्या खोलीत मी एकटेच चारपर्यंत चालले. माझे चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले. त्या बंदरात काय चालले आहे ते मला कसे कळणार? इतका लांबलचक तास मी पुन्हा कधी मोजला नाही.

सोमवारी दुपारी फॅक्स आला. हेमाने तो फाडून सरांच्या हातात दिला. सर वाचता वाचता खुर्चीत बसले. होडी चारला सुटली, बावीसच्या बावीस माणसे घरी पोचली. पावणेपाचला चिखल उघडा पडला होता. खाली त्या म्हाताऱ्याने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली होती. तुमच्या ऑफिसात पाण्यावरचे माणूस कोण आहे?

सरांनी कागद मंजुळापुढे सरकवला. "याचं उत्तर तूच दे," ते म्हणाले. मग हेमाकडे वळून त्यांनी मंजुळाचे कायमचे पत्र टाइप करायला सांगितले, आजच्या तारखेचे. हेमाने ते एका दमात टाइप केले आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. घरातले, शाळेतले एखादे घड्याळ चुकीचे वाटले तर त्याला लगेच भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. ते कोणाची वेळ सांगते आहे, ते आधी समजून घ्या. वेळेवर सेल घाला, तोंडावरची धूळ पुसा. आम्ही तेवढ्यावर वर्षानुवर्षे राबतो. आणि माणसांच्या बाबतीतही असेच करा. ज्याला चुकणारा म्हणून बाजूला बसवले, त्याच्याशी एकदा बोलून तर बघा.

मंजुळाने उत्तर लिहिले तेव्हा दामाजी दिवाळीच्या पणत्या घेऊन नुकतेच आले होते. दोनच ओळी होत्या. त्या तिने इंग्रजीत लिहिल्या आणि वडिलांना मराठीत वाचून दाखवल्या. पाण्यावरचे माणूस म्हणजे माझे वडील, दामाजी. ठाण्याच्या खाडीत कोलशेतला त्यांची होडी होती. मग तिने कागद मशीनमध्ये घातला. मशीन कुरकुरले, कागद एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने तसाच बाहेर आला. दामाजींना वाटले, परत आला. गेला, बाबा, पोचला, असे मंजुळाने सांगितले, तरी त्यांचा विश्वास बसेना. ते पणत्यांची पिशवी छातीशी धरून मशीनपाशी उभे राहिले.

"माजं नाव पोचलं तिकरं?" त्यांनी विचारले. "त्या होडीवाल्याकरं?"

"पोचलं."

"किती वाजता पोचलं?"

मंजुळाने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"दहा वाजता, बाबा," ती म्हणाली. "पान्याच्या वेलेनं."